सलीमभाईंची हळद तेलुगूत गेली तेव्हा

आईशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, एक वाक्य सोडून! आमच्या हिंगोलीतल्या वेबसाइटच्या दुकानात किस्से इतके साचतात, की थोडी भेसळ होतेच.

दुकानात दोघंच. गजानन कोड लिहितो, मी गप्पा मारतो. एकदा कळमनुरीचे हळदीचे व्यापारी सलीमभाई आले. "साइट ज्याच्या त्याच्या भाषेत उघडली पायजे. इचारायचं न्हाई, वळखायचं! शुक्रवारपर्यंत जमलं तर बराबर, न्हाईतर काम नांदेडला."

गजानन पेटला! म्हणाला, फोनचं नेट कुठून येतंय ते सर्वर बघेल आणि तिथली भाषा दाखवेल. सलीमभाईंनी कळमनुरीत बसून साइट उघडली, तर हळद तेलुगूत! त्यांच्या फोनचं नेट हैदराबादेहून फिरून येत होतं.

"निजाम गेला, हे तुमच्या सर्वरला कुनी सांगितलंच न्हाई का?"

*

मग दुसरी युक्ती. साइट मागताना प्रत्येक फोन मालकाच्या पसंतीच्या भाषा क्रमाने सर्वरला कळवतोच. तेच वाचायचं! कनेरगाव नाक्यावर ढाबेवाल्या विठ्ठलरावांच्या फोनवर उघडून पाहिलं. आली इंग्रजीत!

"काहून गजू, मी साहेब दिसून राहिलो का तुला?"

मोबाइलवाला फोन इंग्रजीत लावूनच विकतो, पुढे बदलतंय कोण!

*

मी म्हटलं, सर्वर राहू दे, गिऱ्हाईकच बदलू. कळमनुरीच्या आठवडी बाजारात बसलो आणि येईल त्याचा फोन मराठी करून दिला. फुकट! जरा वेळाने पहिलाच गडी धापा टाकत परत.

"आधी होता तसा करा! मराठीत मला फोन लावताच येईना!"

*

शुक्रवारी सलीमभाई आपल्या अम्मींना घेऊनच आले. "फैसला अम्मी करतील."

अम्मींचा फोन नातवाने सौदीहून पाठवलेला. फोनने सर्वरला सांगितलं, आधी अरबी, मग उर्दू. अरबी आमच्याकडे नव्हतीच. सर्वर गुमान दुसऱ्या पसंतीवर आला आणि साइट उघडली थेट उर्दूत! न विचारता! गजानन खुर्चीतून उडालाच.

अम्मींनी पानावरची हळद पाहिली, मान डोलावली आणि फोन कानाला लावला.

"सलीम, ये तो कुछ बोलतीच नै!"

सलीमभाई हसून हसून खाली बसले. "काम तुमचंच! अम्मीला वाचता कुठं येतंय, आता ऐकवायचं बघा."

आता कबुली. निजामाचं वाक्य माझ्या पदरचं. तेव्हा सलीमभाई जे बोलले, ते कुठल्याच भाषेत छापता येत नाही!