मनोरीच्या वाळूतली तीन अंडी

श्यामकांत दिघे बोरिवलीच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे आणि राहायचे कांदिवलीला. पक्षी बघण्याचा नाद त्यांना उशिरा, चाळिशीत लागला. थंडीत खाडीवर परदेशी पक्ष्यांचे थवे उतरले की त्यांच्यासारखे चार-पाच हौशी लोक दुर्बिणी घेऊन हिंडत. एप्रिल संपेपर्यंत थवे निघून जात आणि हौशी लोकही आपल्या वह्या मिटून ठेवत. दिघे मास्तरांना मात्र मेची सुट्टी मोकळी असे. बायको सुनंदा मुलांना घेऊन माहेरी गेली की ते मार्व्याहून खाडी ओलांडणाऱ्या तरीने मनोरीला जात आणि ओसाड किनाऱ्यावर बसून राहत.

तिथे शेवंती नावाची कोळीण वाळूत सुकट वाळत घालायची. हा माणूस रिकाम्या किनाऱ्यावर काय बघतो, ते तिला दोन उन्हाळे कळलं नव्हतं. छप्पन सालच्या मेमध्ये तिने सरळ विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर त्यांना मिठागराच्या बाजूला घेऊन गेली. भरतीच्या रेषेच्या वर, शिंपल्यांच्या चुऱ्यात तीन अंडी होती. वाळूच्याच रंगाची, वर काळ्या रेघोट्या. चिखल्या नावाच्या चिमुकल्या पक्ष्याची. पाय पडू नये म्हणून शेवंतीने आपली सुकट वीस हात लांब सरकवली होती. दुपारी मादी पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, नाहीतर ती शिजतील, असंही तिने सांगितलं. मास्तरांना आधी ते खरं वाटलं नाही. मग दुर्बिणीतून त्यांनी ते स्वतः पाहिलं आणि रात्री वहीत लिहून काढलं. लिहिताना शेवंतीचं नाव घातलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण फोटो हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. शाळेतल्या नंदकुमार सरांचा कॅमेरा मागून आणला, आणि एका मंगळवारी दहाच्या सुमाराला छत्री उघडून घरट्यापासून चार पावलांवर ठाण मांडलं. मादी जवळ यायची, कॅमेऱ्याचा खटका वाजला की पळायची. लंगडत, पंख फरफटत त्यांना दूर न्यायचा प्रयत्न करायची. मास्तरांना त्यातही मौज वाटली. वाळू इतकी तापली होती की पाय ठेववत नव्हता.

शेवंती एकदा येऊन म्हणाली, "मास्तर, उठा आता. तुम्ही हाय तवर ती बसायची न्हाय."

"पाचच मिनिटं," ते म्हणाले.

तासाभराने ती पुन्हा आली. या वेळी मास्तरांनी मान वर न करता नुसता हात हलवला. दीड वाजता त्यांना हवा तो फोटो मिळाला.

फोटो आणि लेख एका साप्ताहिकात मेच्या शेवटच्या रविवारी छापून आला. लेखाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, वाचक हे वाचत असतील तेव्हा तीन पिल्लं मनोरीच्या वाळूत धावत असतील. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते अंक घेऊनच मनोरीला गेले. मादी अजून घरट्यावर बसलेली होती. त्यांनी वहीतले दिवस मोजले. पिल्लं केव्हाच बाहेर यायला हवी होती. मादी उठून गेल्यावर त्यांनी एक अंडं कानाशी धरलं, हलवून पाहिलं. आत पाणी हिंदकळलं.

शेवंती सुकट गोळा करत होती. मास्तर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "अंडी गेली. माझ्यामुळे गेली."

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"दोनदा बोलले," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा मास्तरला काय बोलायचं?"

अंक पिशवीतच राहिला. तरीत बसल्यावर त्यांना आपल्या हाताकडे बघवेना.

शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापकांनी तो लेख सगळ्या मुलांसमोर वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. नववीतल्या मालनने वर्गात विचारलं, सर, पिल्लं किती झाली? "तीन," दिघे मास्तर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

पुढचे दोन आठवडे त्यांना नीट झोप नव्हती. त्यांनी साप्ताहिकाला खुलाशाचं पत्र पाठवलं. ते छापलं गेलं नाही, तेव्हा आपल्याला हायसं वाटलं, याचीही त्यांना लाज वाटली. मग एका सकाळी वर्गात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. घरटं शेवंतीबाईंनी दाखवलं होतं, उठा म्हणून दोनदा बजावलं होतं, हेही सांगितलं. मालन उभी राहिली.

"मग तेव्हा तीन का सांगितलंत, सर?"

"खरं सांगायची लाज वाटली," ते म्हणाले. मालन खाली बसली. त्या वर्षी तिने पुन्हा त्यांना काही विचारलं नाही.

पुढच्या मेमध्ये मास्तर बिनकॅमेऱ्याचे मनोरीला गेले. शेवंतीने ओळख दाखवली, प्यायला पाणी दिलं, तरीच्या वेळा बदलल्याचं सांगितलं. मिठागराच्या बाजूने मात्र तिने त्यांना नेलं नाही. सुकट पुन्हा वीस हात लांब पसरलेली त्यांना दिसत होती. त्यांनी विचारलं नाही. ऊन चढायच्या आत ते उठले आणि धक्क्याच्या वाटेला लागले.