खालांचं ताट

भिजल्या हरभऱ्यांचा कच्चट वास आला की मला औरंगपुऱ्यातल्या आमच्या घराचा जिना आठवतो. वरच्या मजल्यावर नळाचं पाणी चढत नसे, म्हणून तिथं राहणाऱ्या खालांनी एकदा रमजानमध्ये इफ्तारीचे हरभरे भिजवायला आईकडं दिले, हिरवट काचेच्या बरणीत गच्च भरून. बऱ्याच दिवसांनी पाणी आलं होतं, त्यामुळं घरातले हंडे, पातेली, अगदी पेलेसुद्धा भरून ठेवलेले. रिकामं भांडंच नव्हतं. आईनं त्याच बरणीत पाणी ओतलं आणि मुंग्या नकोत म्हणून झाकण आवळून लावलं. दुपारी ताडकन आवाज झाला. फुगलेल्या हरभऱ्यांना जागा उरली नव्हती, त्यांनी बरणीच फोडली. ती खालांच्या माहेरची होती. त्या धावत खाली आल्या आणि म्हणाल्या, "जाने देव बाई, हात कू तो नै लगी ना?" संध्याकाळी उलट त्यांनीच भजी-खजुरांचं ताट पाठवलं. ताट काही रिकामं परत करत नाहीत, आणि आईला त्यावर तशीच बरणी ठेवून द्यायची होती. तिनं सगळी दुकानं पालथी घातली, पण बरणी मिळाली नाही आणि लाजेनं तिचा जिना चढणंच सुटलं. पुढं खाला मुलाच्या नोकरीपायी वाळूजला राहायला गेल्या. वाळूज काही लांब नाही, तरी आई गेली नाही. आता दोघीही नाहीत. काल मी पातेलंभर हरभरे भिजवले आणि वर तेच ताट झाकलं. सकाळी बघते तर हरभऱ्यांनी ते अलगद वर उचललेलं, कुणी परत द्यायला दोन्ही हातांनी पुढं करावं तसं.