घोडीने न प्यायलेलं पाणी

खालच्या मजल्यावर झुरळांचं औषध मारलं की त्या वासाने मला आमची तांबडी घोडी आठवते. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी मी तिला वडनेरपर्यंत दौडवून आणायचो, आणि घाम सुकेपर्यंत फिरवल्याशिवाय तिला शिकवणारे चाचा पाणी पाजू देत नसत. एकदा अशीच फिरवून हौदावर आणली, तर तिने तहानलेलं तोंड पाण्याला लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. शेजारचा शेतकरी हौदातच फवारणीचा पंप बुडवून धूत होता. "तुह्या नव्या बियान्याच्या कपाशीले फवारा लागत नाही ना बे?" चाचा कडाडले. "बियान्याचा दुकानदार म्हने तसं. अळ्याईले कोन सांगनार?" म्हणत त्याने त्याच ओल्या हातावर तंबाखू घेतली. चाचांनी ती उडवली. "घोडीले समजते, तुले काऊन समजत नाही?" त्याने पंप हौदातून बाहेर काढला. खोटं सांगून बियाणं विकणाऱ्या त्या दुकानदाराला मात्र कुणीच जाब विचारला नाही. माझं डोकं अजून तापतं ते याच गोष्टीने.