समासातला वाद

माझी पत्नी दोन महिन्यांपूर्वी वारली. भेटायला आलेले सगळे हळू आवाजात तिचं कौतुक करून गेले. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या आमच्या सोसायटीतले एक निवृत्त डॉक्टर मात्र तेराव्यानंतर आले आणि नेहमीसारखं तिच्या कपाटातलं पुस्तक घेऊन गेले. इथे मराठी पुस्तकं मिळणार कुठे? वाचताना समासात पेन्सिलीने शेरे लिहायची तिला सवय होती. डॉक्टर कादंबरीपेक्षा शेरेच मन लावून वाचत आणि पुस्तक परत करताना दारातूनच तिच्याशी भांडण सुरू करत.

या वेळीही चपला काढायच्या आधीच म्हणाले, "वहिनी नायकाला भित्रा म्हणतात. मतलब, काहीही. सावध आहे हो तो."

ते गेल्यावर मी पुस्तक उघडलं. तिच्या शेऱ्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'अमान्य. पुन्हा वाचा.' मी खोडरबर आणलं, पण खोडलं नाही. तिच्याशी अजून वाद घालणारं तेवढं एकच माणूस आहे.

तिचे शेरे असलेला एकच कप्पा आता त्यांचा वाचायचा राहिला आहे. पूर्वी ते दोन-तीन पुस्तकं नेत. मी आता एका वेळी एकच देतो.