चिकटतंय की नाही, ते ओवी सांगेल

"ओवी, नळ बंद कर आता. टाकी रिकामी होईल."

"अजून आहे."

"काय आहे?"

"चिकट."

काहीही नव्हतं. अंगठ्याला कंडेन्स्ड मिल्कचा एक थेंब लागला होता, तो केव्हाच धुऊन गेला होता. तरी सात वर्षांची ओवी बेसिनपाशी उभी राहून अंगठा चोळत होती. मागे टेबलाभोवती माझ्या ग्रुपमधली बाकीची मुलं चॉकलेट फजचं पातेलं पुढ्यात घेऊन बसली होती. त्या पातेल्यात जे काही होतं, त्याला फज म्हणायची माझी हिंमत नव्हती. भिंतीवर पोस्टर चिकटवायला मात्र ते झकास चाललं असतं.

मी मुलुंडला एका थेरपी सेंटरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. नातेवाइकांना अजून वाटतं की मी लोकांना नोकऱ्या लावून देतो. एक दूरचे काका तर मुलाचा बायोडेटा घेऊन घरी आले होते. तसं काही नाही. रोजची साधी कामं ज्यांना जड जातात, त्यांना ती जमवून देणं हा माझा धंदा. माझे पेशंट बहुतेक लहान मुलं. शर्टाची बटणं लावणं, पेन्सिल धरणं, एका जागी बसणं, जेवणं.

ओवीचं गाडं जेवणावर अडलं होतं. ओलं किंवा चिकट काही हाताला लागलं की तिला ते सहनच व्हायचं नाही. आमच्या भाषेत याला टॅक्टाइल डिफेन्सिव्हनेस म्हणतात. सोपं करून सांगायचं तर स्पर्शाचा व्हॉल्यूम कायम फुल. वरणभात कालवताना बोटांना काय लागतं हे आपल्या लक्षातही येत नाही. ओवीला ते कुणीतरी कानाशी ताट वाजवल्यासारखं होतं. हा हट्ट नसतो आणि लाडही नसतात. पण बघणारे लोक दोन्हींपैकी एक म्हणतातच.

मग चमचा द्यायचा की, असं सगळे म्हणतात. चमच्याने ती खायची. पण एक शीत बोटावर पडलं की डबा बंद आणि उरलेली मधली सुट्टी नळापाशी. कोरडं म्हणाल तर कुरमुरे आणि खाकरा. त्यावर पोर किती दिवस काढणार? वजन वाढत नव्हतं. दुपारच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायची.

म्हणून तिची आजी रोज मधल्या सुट्टीत शाळेत जायची. गेटजवळच्या कट्ट्यावर बसून नातीला चमच्याने भरवायची. आजी मालवणकडच्या, बोलायला कडक, मायेला त्याहून कडक. त्यांचा एक गुडघा पार गेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तारीखही मिळाली आणि आजींनी ती रद्द केली. कारण एकच. आपण बिछान्यात पडलो तर पोरीला कोण भरवणार? ओवीची आई अंधेरीला एमआयडीसीत कामाला, वडील एअरपोर्टवर शिफ्टमध्ये. दुपारी शाळेत पोचणं दोघांनाही शक्य नव्हतं.

"सर, मला बाकी काही नको," ओवीची आई पहिल्याच दिवशी म्हणाली. "ही शाळेत आपल्या हाताने जेवली ना, तर आई ऑपरेशनला हो म्हणतील. त्या आता जिना बसून बसून उतरतात हो."

मी नेहमीचे उपाय करून पाहिले होते. ओली वाळू, स्लाइम, शेव्हिंग फोम. प्रत्येक वेळी ओवी किंचाळत खोलीबाहेर आणि बाहेर बसलेल्या आजी माझ्याकडे डोळे वटारून. "आमचां चेडू, ही पोर, नाजूक आसा," त्या म्हणायच्या. "तुमी तेका काय खेळवतास, तां देवाक ठाऊक."

फजची कल्पना मला बायकोमुळे सुचली. ती पुतण्यांना घेऊन फज करत होती. फज म्हणजे लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात काचेमागे दिसते ना, ती चॉकलेटी वडी. घरचा सोपा प्रकार गॅसशिवाय होतो. वितळवलेलं लोणी, कोको, कंडेन्स्ड मिल्क, थोडे अक्रोडाचे तुकडे आणि मावेल तेवढी मिल्क पावडर. मळायचं, तूप लावलेल्या ट्रेमध्ये थापायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. मी दारात उभा राहून बघत होतो आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओली वाळू ओलीच राहते. स्लाइम तर कायमचंच स्लाइम. फज मात्र आधी चिकट असतो आणि मळता मळता चिकटायचा थांबतो. चिकटपणा संपतो, हे मुलाला समोर दिसतं. ओवीने हे आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं, कारण तोवर ती बेसिनपाशी गेलेली असायची.

आमच्या सेंटरच्या हेड मॅडम माझ्याच कॉलेजच्या, माझ्या सीनियर. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी चष्माच काढला.

"कार्पेटवर चॉकलेट? डोकं फिरलंय का तुझं?"

"खाली प्लास्टिक अंथरतो."

"आणि ओवी परत ओरडत बाहेर गेली तर? आजी तिला इथे आणायचंच बंद करतील. मग ऑपरेशनही गेलं आणि पोरगीही गेली."

"म्हणून तर यावेळी चुकून चालणार नाही."

"चुकणार नाहीस कशावरून?"

"मॅडम, वडी आहे हो ती. वडी कुणाची बिघडते?"

असली वाक्यं माणसाने बोलू नयेत.

त्या दिवशी ग्रुपमध्ये पार्थ होता. आठ वर्षांचा, अंगात मोटर बसवलेला. त्याच्याकडे कंडेन्स्ड मिल्क ओतायचं काम दिलं. एक डबा ओतायचा होता. मी ओवीकडे बघत होतो तेवढ्यात त्याने दुसराही उघडून उपडा केला. त्यातलाच तो थेंब उडून ओवीच्या अंगठ्यावर आला आणि ती बेसिनकडे पळाली. किंचाळली नाही, एवढंच नशीब.

माझी वाट लागली होती. पातेल्यात चिखल आणि मिल्क पावडर मोजकीच. कमी पडली तर सगळं चिकट राहणार. जास्त पडली तर भुगा होणार, वड्या पडणार नाहीत. मी थोडी थोडी पावडर टाकत गेलो आणि पार्थ दोन्ही हातांनी मळत गेला. मळण्यात तो एक नंबर. जरा वेळाने गोळा तयार झालासा वाटला.

"झालं सर! कापा!" पार्थ ओरडला.

"झालं वाटतं," मीही म्हणालो.

"नाही झालं," बेसिनपासून आवाज आला.

ओवीने नळ बंद केला होता. ती लांबूनच पातेल्याकडे बघत होती.

"तुला कसं कळलं गं?" पार्थने विचारलं.

"चमकतंय ना. चमकतं ते चिकटतं."

मी गोळ्याला बोट लावलं. बोट अडकलं. पोरगी बरोबर होती.

आता जरा विचार करा. या मुलीने आयुष्यभर चिकट वस्तूंवर पाळत ठेवली होती. जाम, गूळ, डिंक, श्रीखंड, दुसऱ्या मुलांचे हात. काय लागेल आणि काय लागणार नाही, हे लांबून ओळखणं हीच तिची सोय होती. चिकट या विषयात त्या खोलीत तिच्याएवढा अभ्यास कुणाचाच नव्हता. आणि मी इतके दिवस तिला सांगत होतो, बघ, काही होत नाही!

मी अजून पावडर टाकली. पार्थने मळलं.

"आता?"

"अजून."

अजून टाकली. पुडी तळाला आली.

"आता?"

ओवी चार पावलं पुढे आली, मान वाकडी करून बघितलं. "आता नीट कळत नाही."

"मलाही कळत नाही," मी म्हणालो. "माझे हात आधीच भरलेत, मला सगळंच चिकट लागतंय. पार्थला काहीही विचारलं तरी तो झालं म्हणतो. पावडर एवढीच उरलीय. घालू की नको?"

हात लाव, असं मी म्हटलं नाही. हे महत्त्वाचं. मुलाने स्वतः लावलेलं बोट आणि आपण धरून लावलेलं बोट यात आमच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

ओवी टेबलापाशी आली. करंगळी पुढे केली. नख लावलं, मग करंगळीचं टोक लावलं आणि झटकन काढून घेतलं.

"थोडं चिकटतंय," ती म्हणाली आणि बेसिनकडे गेली.

मी चमचाभर पावडर टाकली. ती हात पुसत परत आली. पुन्हा बोट, पुन्हा "थोडं", पुन्हा बेसिन. असं चालू राहिलं. पार्थ वैतागला. "ओवी, लवकर ना यार! भूक लागलीय." ती म्हणाली, "थांब रे. घाईत बिघडेल." पुढच्या खेपेला दोन बोटं आली. मग अख्खा अंगठा. मग ती बेसिनकडे गेलीच नाही. विसरली. नुसती उभी राहून पार्थला सांगत होती, इथे मळ, खाली मळ, आत ओलं आहे.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. बराच वेळ नातीचा आवाज नाही म्हणून आजी बघायला आल्या होत्या. हातात ओला नॅपकिन तयार.

"अवो सर, तिचो हात बरबाटलो! तुमका दिसना नाय?"

"दिसतंय आजी. त्याचीच तर फी घेतो."

आजी लंगडत पुढे आल्या. आत्ता कुणी तो हात पुसला असता तर ओवीला आठवलं असतं की हात खराब झालाय, आणि सगळं मुसळ केरात. मी मध्ये उभं राहणार, एवढ्यात ओवी मागे न बघता म्हणाली, "आजी, थांब. अजून झालं नाहीये."

आजी थांबल्या. नॅपकिन तसाच हातात.

ओवीने तळवा गोळ्यावर ठेवला. पूर्ण तळवा. उचलला, उलटा करून बघितला. कोरडा होता.

"झालं," ती म्हणाली.

ट्रेमध्ये थापायचं कामही तिनेच घेतलं, कारण पार्थने थापलेला कोपरा वर-खाली होता आणि ते तिला बघवेना. फ्रिजमधून काढून वड्या पाडल्या, तर एकही मोडली नाही. ओवीने एक वडी बोटांत धरून खाल्ली आणि सांगितलं, पुढच्या वेळी अक्रोड नको. मॅडम दारात उभ्या राहून दुसरी वडी खात होत्या. कार्पेटबद्दल त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत.

एका दिवसात पोर बरी झाली, असं कुणी सांगितलं तर त्याच्यापासून लांब राहा. ही फक्त सुरुवात होती. मी ओवीच्या आईला सांगितलं, घरात हिला चेकर करा. मग ओवी कणकेच्या गोळ्यावर हात ठेवून सांगायला लागली, झाली की नाही. लाडवाचं मिश्रण वळायला आलं का, तेही. मध्ये पंधरवडाभर काहीच पुढे सरकेना, आमटी दिसली की ताट लोटून द्यायची. मग तिनेच तोडगा काढला. वरण पातळ नको, घट्ट हवं, म्हणजे भाताचा मुटका होतो आणि बोटं कमी भरतात. आईने वरण घट्ट केलं. एवढं साधं होतं ते, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी शाळेतला दिवस ठरला. डब्यात वरणभात. आजींनी त्या दिवशी शाळेत जायचं नाही. ओवी जेवली तर ऑपरेशनची तारीख घ्यायची, नाहीतर विषय बंद, असं आजींनीच जाहीर केलं होतं.

दुपारी सेंटरच्या दारात रिक्षा थांबली. आजी उतरल्या. मला काय ते कळलं. या शाळेत गेल्याच होत्या. पर्समधून चमच्याचा दांडा बाहेर डोकावत होता. मी मनात म्हटलं, संपलं.

"काय झालं आजी?"

"माका परत धाडल्यान."

"कुणी? टीचरनी?"

"टीचर कित्याक? तिनाच. माका म्हणता कशी, आजी, तू घराक जा, मी जेवतंय."

"मग? राग आला तुम्हाला?"

"येवचो नाय? इतके दिस भरवलंय मी."

त्या खुर्चीत बसल्या. डोळ्यांना पदर लावला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"भात किती खाल्ल्यान, म्हायत आसा?"

"किती?"

"सगळो. गेटाआडसून बघलंय मी," आजी म्हणाल्या आणि एकदम हसल्या. रडत होत्या, तशाच हसल्या.

मला अभिमान वाटला. आधी स्वतःचा, मग ओवीचा. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी संध्याकाळी स्टेशनपर्यंत मी रिक्षा न करता चालत गेलो आणि वाटेत बायकोला फोन करून सगळं सांगितलं. नंतर घरी जाऊन परत सांगितलं.

ऑपरेशन झालं. आजी आता कठडा धरून उभ्याने जिना उतरतात. धडा फार मोठा नाही, धंद्यातलाच आहे. मुलाला जे सहन होत नाही, त्यातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असतं. मी पूर्वी मुलांना समजावत बसायचो. आता आधी विचारतो.