पलीकडच्या नाक्यावरची नेमणूक

आमच्या काशीच्या म्युनिसिपालिटीत नेमणुकांचं टेबल माझ्याकडे आलं तेव्हा मी तरुण होतो. कोणाला कुठे बसवायचं हे आता आपल्या लेखणीत आहे, या कल्पनेनं हुरळून मी चालतानाही मान ताठ ठेवीत असे. ती मान पहिल्यांदा वाकली गंगेच्या पलीकडच्या काठावर.

पावसाळा सरला की रामनगरच्या बाजूला गंगेवर पिंपांचा पूल बांधतात. मालाच्या गाड्या पूल ओलांडून आल्या की अलीकडे चुंगीसाठी, म्हणजे जकातीसाठी, अडवल्या जात आणि मागे सगळा पूल तुंबून राही. म्हणून चुंगीचा नाका पलीकडच्या तोंडाशीच न्यायचं ठरलं. वाळूत झोपडी उभी राहिली, मेज गेलं, दौत गेली. कारकून काही जाईना.

काशीत मरणाऱ्याला मोक्ष मिळतो आणि पलीकडे मरणाऱ्याला गाढवाचा जन्म, हे आमच्याकडे लहानपणापासून कानांवर पडतं. गंमत अशी की नाही म्हणणाऱ्यांतले कितीतरी जण रोज संध्याकाळी नावेनं पलीकडेच जात, भांग घोटत, वाळूत लोळत. एकाला मी तसं बोलून दाखवलं.

"मौजेला जाणं वेगळं, भैया," तो म्हणाला. "मौजेत कोणी मरत नाही. नोकरीत माणूस कधीही मरू शकतो."

शेवटी कचेरीचे मुख्य कारकून असलेल्या बडे बाबूंचं बोट एका म्हाताऱ्या चुंगी कारकुनावर थांबलं. राजा घाटाजवळ ते आमचे शेजारी. मी त्यांना काका म्हणत असे. निवृत्ती जवळ आलेली, छाती अधू. त्यांचे वडील साताऱ्याकडचं घर मोडून इथे आले होते ते केवळ इथे मरता यावं म्हणून. काका तर लेकीच्या ग्वाल्हेरच्या घरीसुद्धा मुक्कामाला जात नसत. आता पलीकडे गेले नाहीत तर नोकरी जाणार होती.

हुकूम घेऊन मीच गेलो. काकांनी तो वाचला आणि चष्मा पुसत बसले.

"गाढव व्हायला माझी ना नाही रे. म्युनिसिपालिटीत सवय झाली आहे. पण वडिलांना काय तोंड दाखवू? तेही लांब कानांचं."

मी हसलो. काकाही हसले, पण त्यांनी हुकमाची घडी घातली तेव्हा ती नीट बसेना.

दुसऱ्या दिवशी ते पलीकडे गेले खरे, पण झोपडीत शिरले नाहीत. जाण्याआधी त्यांनी घाटावरच्या शास्त्रीबुवांना गाठून एकच शंका विचारली होती: गंगेचं पाणी काशीत मोडतं का? बुवा म्हणाले, पाण्यात देह ठेवला तर काशीत ठेवल्यासारखाच. झालं. काकांनी पलीकडच्या काठाला एक नाव बांधवली, मेज त्यात चढवलं आणि तिथूनच पावत्या फाडू लागले. गाडीवान वाळूत उभे राहून हात लांबवत.

नाव सांभाळणाऱ्या मल्लाहाला ताकीद होती, "मला काही झालं तर आधी दोर सोडायचा. वैद्य मागाहून."

"सोडतो, पंडितजी. फक्त मी चिलीम भरत असेन तेव्हा थोडा दम धरा."

पण ही गोष्ट म्युनिसिपालिटीच्या गोऱ्या साहेबाच्या कानावर गेली. तपासणीला तो स्वतः आला. सरकारी कारकून डुगडुगत्या नावेत बसलेला पाहून त्यानं झोपडीकडे छडी दाखवली आणि आत बसायला फर्मावलं. काका हात जोडून नावेतच उभे राहिले. त्यांच्या पायांत आणि वाळूत एक फळी होती. ती ओलांडली तर नोकरी राहणार होती.

दुभाषा मी. मोक्षापर्यंतचं इंग्रजी मला कसंबसं जमलं. गाढवापाशी आलो आणि कान हलवून दाखवावेसे वाटले, पण आवरलं.

साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी इथे मेलो तर?"

काका अदबीनं म्हणाले, "आपलं खातं वेगळं, हुजूर. तिथल्या नेमणुका आमच्याकडे येत नाहीत."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला नाही. मग, मला सांगतो आहे की स्वतःला ते कळू न देता म्हणाला, की त्याची बायको इथल्या छावणीतल्या कबरस्तानात आहे. तिला मायदेशी जायचं होतं. एवढं बोलून तो वळला. जाता जाता म्हणाला, "नाव राहू द्या. वर छप्पर घाला."

काका निवृत्त होईपर्यंत त्या छपराखाली बसले. दोर घाईनं सोडायची वेळ कधी आली नाही. पुढे ते घरीच गेले, स्वतःच्या अंथरुणावर, खिडकीतून गंगा दिसत असताना. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो तेव्हा पलीकडे पाहत म्हणाले, "नवा कारकून झोपडीत बसतो म्हणे. तरुण आहे. बसू दे."

तो तरुण कारकून आता केस पिकवून नावेत बसतो. नेमणुकांचं टेबल अजून माझ्याकडेच आहे. पलीकडच्या नाक्यासाठी आणखी कोणाला बोलावलं, अगदी इंग्रजी शिकून आलेल्याला, तरी तो पगाराच्या आधी विचारतो, "तिथे नाव आहे ना?" मी गंभीर चेहऱ्यानं आहे म्हणतो. दर वर्षी पूल बांधण्याआधी स्वतः घाटावर उतरून नावेचा तळ ठोकून पाहतो. मल्लाह विचारतो, बाबूजी, आपण कशाला एवढी काळजी करता? माझीही बदली तिथे होऊ शकते, हे मी त्याला सांगत नाही.