नवरदेवाचा मामा

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. मी लातूरच्या एका छोट्या दैनिकात बातमीदार होतो. टँकर, रोजगार हमीची कामं, चारा, यापलीकडे बातमी नसायची. त्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळकडची एक बाई कार्यालयात आली. तिची मुलगी लग्नानंतर नाहीशी झाली होती.

हुंडा नको, खर्च आमचा, असं म्हणत खानदेशाकडची म्हणवणारी माणसं गावात आली होती. दुष्काळात असं स्थळ कोण सोडणार? लग्न लागलं, वरात जीपमधून गेली. मुलीला माहेरी आणायला मूळ घेऊन भाऊ गेला तेव्हा सांगितलेल्या गावात त्या आडनावाचं घरच नव्हतं. ठाण्यात तिला विचारलं गेलं की लग्न तुम्हीच लावून दिलं, मग मुलगी हरवली कशी? तक्रार घेतली नाही.

तेव्हापासून ती लग्नांना जात होती. नांदेड, लातूर, कुठंही. हुंडा न घेणारा परका नवरदेव कळला की बोलावणं नसताना पोचायची. अक्षता पडण्याआधी उभी राहून विचारायची की मुलाच्या गावाला तुमच्यातलं कोणी जाऊन आलंय का. बाया तिला लग्नातली फौजदारीण म्हणत. काही ठिकाणी तिला मांडवाबाहेर काढलं होतं.

नवरदेव ओळखाल का, असं मी विचारलं.

"त्यो मुंडावळ्यात झाकलेला. मामा बघितलाय म्या. लई रडला होता."

नवरदेवाच्या पाठीशी उभा राहिलेला तो मामा उपरण्यानं डोळे पुसत होता. मुलाकडचं माणूस मुलीसाठी रडतंय म्हणून मांडवातल्या बायांना बरं वाटलं होतं. अशा घरात पोर सुखी राहील, असं हिलाही वाटलं होतं.

मुदखेडजवळच्या एका गावातल्या लग्नाला मी तिच्याबरोबर गेलो. बातमी मिळेल एवढाच हेतू होता. अंतरपाट धरलेला होता, मंगलाष्टका सुरू होत्या. नवरीच्या पाठीमागे तिचा मामा होता. नवरदेवाच्या पाठीमागे एक पन्नाशीचा माणूस उपरण्यानं डोळे पुसत होता.

बाई ओरडली नाही. बायांमधून वाट काढत गेली आणि त्याचं मनगट धरलं. मी मागोमाग होतो.

"माझी पोर कुठं हाय?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळे अजून ओले होते.

"कोणती?" तो म्हणाला.

त्यानं ते सहज विचारलं. भटजी थांबले. बाईनं नवरीच्या बापाला सगळं सांगितलं. बाप हात जोडून म्हणाला की हळद लागलीय, आधी अक्षता पडू द्या, मग बघू. त्या गर्दीत काहींनी मानही डोलावली. मला आजही त्या माणसाच्या उत्तराइतकंच बापाचं हे बोलणं आठवतं.

नवरीच्या मामानं भाचीला पाटावरून उचललं आणि घरात नेलं.

नवरदेव आणि बाकीची माणसं जीपकडे पळाली. नवरदेवाचा मामा सापडला, कारण बाईनं मनगट सोडलं नव्हतं. ठाण्यात यावेळी तक्रार लिहून घेतली. फौजदारानं बाईला मुलीचं वर्णन सांगायला लावलं. तिनं हनुवटीवरचं गोंदण सांगितलं, डावखुरी आहे हे सांगितलं, लग्नात हिरवा शालू होता हेही सांगितलं. मामानं लक्षपूर्वक ऐकलं, थोडा विचार केला.

"आठवत न्हाई, विहीणबाई."

फौजदाराचं पेन थांबलं. मामानं पुढे दूरच्या काही रेल्वे स्टेशनांची नावं सांगितली. कोणती मुलगी कुठे उतरवली, हे त्याला सांगता येईना. पोलीस त्या गावांना जाऊन रिकामे परतले.

पुढच्या लग्नतिथीला ती मला लातूरच्या बसस्टँडवर दिसली. हातात पिशवी, कंधारच्या गाडीची वाट पाहत होती. माणूस तर सापडला, आता कशाला फिरता, असं मी विचारलं.

"त्यो कोणती म्हणला न्हवं," ती म्हणाली. "मंग बाकीच्यांचं कोण बघंल?"

गाडी लागली. तिनं खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली.